'योगदीपिके'तली छायाचित्रं आणि वर्गातले लोड-ठोकळे: अय्यंगार गुरुजींची पद्धत घरी कशी करावी?

उंबरठा यांचा प्रश्न:

बी. के. एस. अय्यंगार यांची 'योगदीपिका' समोर ठेवून आसनं शिकायची आहेत. पुस्तकात २०० आसनं आणि १४ प्राणायाम आहेत, छायाचित्रं सहाशेच्या आसपास. पण एक गोष्ट जुळत नाही. छायाचित्रांत गुरुजी एकटे, फार तर चादरीच्या एखाद्या घडीवर. त्यांच्या पद्धतीच्या कुठल्याही वर्गात डोकावलं तर खुर्च्या, लोड, पट्टे, दोर, लाकडी विटा यांचा ढीग दिसतो. मग मूळ पद्धत कुठली? हे साहित्य नंतरच्यांनी वाढवलं की गुरुजींनी स्वतः आणलं?

आणखी तीन शंका:

१. घरी करायचं तर नेमकं काय घ्यावं? विकतचा संच महाग वाटतो.
२. सर्वांगासनात मानेवर ताण येतो, चेहरा लाल होतो. कुठे चुकतं?
३. 'अय्यंगार म्हणजे नुसती कवायत, त्यात पतंजली कुठे आहे?' असं बरेचजण म्हणतात. यात किती तथ्य?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मळवाट:

'मूळ पद्धत कुठली' याचं उत्तर गुरुजींच्या चरित्रातच आहे, म्हणून जरा मागे जातो.

जन्म १४ डिसेंबर १९१८, कोलार जिल्ह्यातलं बेळ्ळूर. तेरा भावंडांत अकरावे. इन्फ्लुएन्झाच्या साथीतला जन्म. पुढे मलेरिया, विषमज्वर, क्षय. हात-पाय काडीसारखे, डोकं जड. नवव्या वर्षी वडील गेले. १९३४ मध्ये बहिणीचे यजमान, म्हणजे तिरुमलै कृष्णमाचार्य, यांनी म्हैसूरला बोलावून घेतलं. कृष्णमाचार्य तिथे जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवायचे. पट्टाभि जोइस आणि इंद्रा देवी हेही त्यांचेच शिष्य, म्हणजे आज जगभर चालणाऱ्या निम्म्याअधिक आसनपद्धतींचं गोत्र त्या एका शाळेत सापडतं.

तिथलं शिक्षण मात्र जेमतेम आणि धाकदपटशाचं. पुरेशी तयारी नसताना पाहुण्यांसमोर हनुमानासन (पाय पुढे-मागे पूर्ण फाकवून बसणं) करायला लावलं आणि मांडीमागचे स्नायू फाटले; पुढे बराच काळ चालणं कठीण झालं. 'शरीर तयार नसताना आसनात ढकललं तर काय होतं' हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

१९३७ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून पुण्यात आले, सहा महिन्यांसाठी. वय १८, मराठी शून्य, इंग्रजी मोडकंतोडकं, आणि समोरचे कॉलेजचे विद्यार्थी वयानं, शिक्षणानं नि ताकदीनं वरचढ. सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी पाठबळ दिलं. डॉक्टर शरीररचना समजावून सांगत आणि गुरुजी आसन करून दाखवत. कुठला सांधा, कुठला स्नायू, कुठल्या दिशेला, ही त्यांच्या शिकवण्यातली भाषा त्या जोडगोळीची देणगी आहे असं माझं मत.

आता साहित्याबद्दल. भिंतीवरच्या दोरांची कल्पना म्हैसूरच्या परंपरेतली. बाकीचं पुण्यातलं. आजारी, म्हातारी, ताठरलेली माणसं शिकायला येऊ लागली. त्यांना त्रिकोणासनात जमिनीपर्यंत हात नेणं शक्य नव्हतं. म्हणून आधी साधी वीट आणि दगड, मग लाकडी ठोकळा. म्हणजे साहित्य त्यांचंच. पण 'योगदीपिके'चं मूळ इंग्रजी पुस्तक 'लाइट ऑन योगा' १९६६ चं आहे, आणि त्यातलं आसन हे 'शेवटचं रूप' म्हणून छापलंय. तिथवर पोचायच्या पायऱ्या त्या पुस्तकात कमी आणि वर्गात जास्त. २००१ साली निघालेल्या त्यांच्या मोठ्या सचित्र इंग्रजी पुस्तकात खुर्च्या-लोडांसह आसनं सविस्तर दाखवली आहेत. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की तुम्हाला वाटणारी विसंगती राहत नाही.

---

पायरीपायरीने:

मळवाट यांनी मुळाचं सांगितलं, मी खरेदीचं सांगते. संच विकत घ्यायची गरज नाही.

*चादरी:* ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि लोक नेमकी हीच चुकीची घेतात. दुलई, रजई, फोमची उशी बाद. वजन पडलं की दबतात आणि एका बाजूला जास्त दबतात. घट्ट विणीच्या सुती चादरी किंवा घोंगड्या हव्यात. घरात सोलापुरी चादरी असतील तर उत्तम, फक्त पातळ असल्यानं संख्या जास्त लागेल. घडी साधारण दोन फूट बाय दीड फूट, कोपऱ्याला कोपरा लावून. सुरकुती राहिली तर ती बरोबर खांद्याखाली टोचते.

*वीट:* लाकडी, साधारण ९ × ४.५ × ३ इंच. सुतार उरलेल्या लाकडातून करून देतो. कडा घासून गोल करून घ्या. तीन मापं म्हणजे तीन उंच्या मिळतात, यासाठीच हे प्रमाण. दोन हव्यात. फोमची वीट हलकी असते, पण सेतुबंधात माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाखाली उभी ठेवली की डुगडुगते.

*लोड:* बैठकीचा लोड चालतो. अट एकच, कापूस ठासून भरलेला हवा. दोन फूट लांब आणि आठ-नऊ इंच जाड पुरतो. झोपल्यावर मध्ये खड्डा पडत असेल तर छाती उघडण्याऐवजी पाठीला बाक येतो, म्हणजे उलटंच काम.

*पट्टा:* सुती, दीड इंच रुंद, सहा-सात फूट, धातूच्या बकलाचा. प्रवासी बॅगेचे नायलॉनचे पट्टे घसरतात.

*खुर्ची:* पत्र्याची घडीची, पाठीचा पत्रा काढून टाकलेली. चौकट मात्र शाबूत. मागच्या दोन पायांमध्ये आडवी दांडी आहे ना ते बघा, सर्वांगासनात हात तिथे लागतात. पायांना रबरी टोप्या हव्यातच. प्लॅस्टिकची खुर्ची चुकूनही वापरू नका.

*दोर:* घरी घाई नको. हूक अर्ध्या विटेच्या आडभिंतीत किंवा प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये ठोकले तर पूर्ण वजनानं उपटून येतात. काँक्रीट किंवा पूर्ण जाडीची विटांची भिंत नसेल तर दोर विसरा.

सुरुवातीला चार-सहा चादरी, दोन विटा, एक पट्टा. बाकी सावकाश.

---

कोपरखळी:

थोडा विरोधी सूर लावतो. एवढं सगळं रचायलाच अर्धा तास गेला तर योग कधी करायचा? कृष्णमाचार्यांचे इतर शिष्य सतरंजीवरच करत, त्यांचं काही अडलं नाही. लोडावर पडून राहणं म्हणजे आराम झाला, आसन नव्हे.

---

पायरीपायरीने:

@कोपरखळी, तुमच्या आक्षेपात अर्धं सत्य आहे. साहित्याचा आळस होतो, हे गुरुजी स्वतःही बोलून दाखवत. पण साहित्य कशासाठी, ते बघा. त्रिकोणासन पुस्तकात अर्धा ते एक मिनिट थांबायला सांगितलंय. हात जमिनीला टेकवायच्या हट्टापायी कमरेत वाकलेला माणूस वीस सेकंदांत घामाघूम होतो आणि त्याचं सगळं लक्ष 'कधी संपतंय' याकडे. तोच हात विटेवर ठेवला की मिनिटभर थांबता येतं, आणि मग गुडघा, कंबर, बरगड्या कुठे आहेत हे कळायला लागतं. थांबल्याशिवाय दिसत नाही, आणि आधाराशिवाय थांबता येत नाही.

जोइस यांच्या पद्धतीत श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात जातात. तिथे विटा मध्ये येणारच. इथे आसनात राहून सहज श्वास चालू ठेवायचा असतो. दोन्ही पद्धतींचं गणितच वेगळं.

त्रिकोणासन उदाहरणादाखल सांगते, कारण नव्वद टक्के चुका त्यातच दिसतात:

पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर. उजवं पाऊल ९० अंश बाहेर, डावं किंचित आत. उजव्या टाचेची रेघ डाव्या पावलाच्या कमानीवर यावी. गुडघ्याच्या वाट्या वर ओढलेल्या. वीट उजव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला. आधी धड बाजूला *लांब* करायचं, मग हात खाली. चूक इथे होते: धड लांब न होता नुसतं झुकतं, नितंब मागे जातं आणि छाती पुढे पडते. भिंतीला पाठ लावून करून बघा. डावा खांदा भिंतीपासून सुटला की लगेच कळतं. दुसरी चूक लवचिक माणसांची: पुढचा गुडघा मागे लचकवून त्यावर रेलणं. त्यांनी पोटरीचा वरचा भाग पुढे ढकलला तर गुडघा वाचतो. हात नडगीवर दाबून भार देणं ही तिसरी.

आणि ताडासन वगळू नका. 'नुसतं उभं राहणं' म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात. आपल्या जुन्या चपलेची टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघा, मग कळेल उभं तरी नीट राहतो का.

---

हलासनी:

सर्वांगासनाचं मी घेतो. लाल चेहरा आणि मानेवरचा ताण, दोन्हींचं कारण बहुधा एकच: घड्यांशिवाय करता आहात, किंवा घड्या आहेत पण खांदे त्यांवरून घसरतात.

सपाट जमिनीवर सर्वांगासन केलं तर मानेला काटकोनात वाकावं लागतं. बहुतेकांची मान तेवढी वाकत नाही, मग वजन खांद्यांऐवजी मानेच्या मुळाशी असलेल्या सातव्या मणक्यावर येतं. घड्यांची उंची मानेला मोकळी जागा देते.

रचना: तीन ते पाच घड्या एकावर एक, जाड गोल कडा (चादर दुमडलेली बाजू) खांद्यांकडे, सगळ्या एका रेषेत. वर चटईची घडी, म्हणजे कोपर घसरत नाहीत. खांदे कडेपासून साधारण दोन इंच आत, मान कडेबाहेर, डोकं जमिनीवर. कडेच्या अगदी टोकावर झोपलात तर वर जाताना खांदे खाली घसरणार, हे गृहीतच धरा.

क्रम: आधी हलासन. पाय जमिनीला टेकत नसतील तर स्टुलावर. हलासनात खांदे एकेक करून आत-खाली वळवा, दंडांना कोपराच्या वर खांद्याच्या रुंदीचा पट्टा लावा, हात पाठीवर, जितके जमिनीकडे सरकतील तितके. मग पाय वर. छाती हनुवटीकडे आणायची. हनुवटी छातीकडे दाबायची नाही. वाक्य उलटं झालं की आसन उलटं होतं.

पट्टा का? कोपर फाकले की छाती कोसळते आणि सगळा भार मानेवर. घसा आवळल्यासारखा वाटला, डोळ्यांत दाब आला, कानात गुंजन झालं, तर 'अजून दहा सेकंद' करू नका. खाली या, घड्या पुन्हा लावा. आसनात असताना मान डावी-उजवीकडे वळवणं पूर्ण वर्ज्य.

उतरतानाही हलासनातून, पाठीचे मणके एकेक टेकवत. मग लगेच उठू नका; खांदे घड्यांवरून मागे सरकवून जमिनीवर आणा आणि पाठ घडीवर ठेवून मिनिटभर पडा.

वेळ: पहिले काही आठवडे एक-दोन मिनिटं पुरे, पाच मिनिटांपर्यंत सावकाश.

रक्तदाबवाल्यांसाठी पुस्तकातच अट आहे: आधी हलासनात किमान तीन मिनिटं थांबता आलं पाहिजे, त्याशिवाय सर्वांगासन नाही. व्यवहारात त्यांनी मांड्या स्टुलावर टेकवलेलं अर्ध-हलासन करावं, तेही डॉक्टर आणि शिक्षक दोघांना विचारून. मानेच्या मणक्याचा आजार, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, काचबिंदू असेल तर पुस्तक बघून हे करूच नका. मासिक पाळीत उलटी आसनं नाहीत. त्या दिवसांत लोडावरचं सुप्त बद्धकोनासन, आधार घेऊन पुढे वाकणं वगैरे. गीताताईंनी (गुरुजींच्या थोरल्या कन्या गीता अय्यंगार) स्त्रियांच्या साधनेची ही शिस्त तपशीलवार बांधून दिली.

---

उंबरठा:

@हलासनी, खूप आभार. घड्या उलट्या लावत होतो, मोकळी टोकं खांद्यांकडे. आणखी एक: पुस्तकातला अभ्यासक्रम पाळावा का? आणि शीर्षासन कधी?

---

हलासनी:

परिशिष्टातला अभ्यासक्रम ३०० आठवड्यांचा आहे, म्हणजे पावणेसहा वर्षं. पहिला टप्पा ३० आठवड्यांचा, दुसरा ७८ पर्यंत, उरलेला तिसरा. पहिल्या दोन आठवड्यांत मुख्यतः उभी आसनं, मग सर्वांगासन, हलासन आणि शवासन. शीर्षासन तिथे नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. पायांत जोर आणि खांद्यांत समज आली की मगच. आठवड्यांचे आकडे मात्र धर्मशास्त्र समजू नका. ते रोज नियमानं करणाऱ्या निरोगी माणसासाठी आहेत. एका टप्प्यात दुप्पट वेळ गेला तरी काही बिघडत नाही. 'परिशिष्टात माझ्या आजाराची यादी आहे, ती करतो' हा मोह जास्त धोक्याचा. त्या याद्या शिक्षकाच्या नजरेखाली वापरायच्या आहेत.

शीर्षासन केलं तर त्या दिवशी सर्वांगासन नंतर करायचंच. क्रम उलटा नको.

बाकी नियम थोडक्यात: भरपेट जेवणानंतर चार तास, आसनांनंतर अर्धा तास थांबून खाणं, आधी चहा-दूध चालतं, उन्हातून तासन्‌तास फिरून आल्यावर लगेच आसनं नाहीत. श्वास नाकानं. शवासन दहा ते पंधरा मिनिटं. घाईच्या दिवशी ते कापलं जातं. कापायचंच तर एखादं आसन कापा.

---

कुंभक:

तिसऱ्या शंकेवर. 'नुसती कवायत' हा आरोप पन्नास वर्षं जुना आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर तीनच सूत्रं आहेत (२.४६ ते २.४८): स्थिरसुखमासनम् (आसन स्थिर आणि सुखाचं असावं), प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम् (प्रयत्न शिथिल होऊन आणि अनंतात मन लागून ते साधतं), ततो द्वन्द्वानभिघातः (मग शीत-उष्णासारखी द्वंद्वं त्रास देत नाहीत). बहुतेक जण पहिलं सांगून थांबतात. गुरुजींचा भर दुसऱ्यावर होता: प्रयत्न *शिथिल* व्हायचा तर आधी प्रयत्न व्हायला हवा, आणि तो योग्य जागी. त्रिकोणासनात एक पाय राबतो आणि दुसरा आयतं खातो; राबणाऱ्यावर हिंसा होते, आयत्यावरही दुर्लक्षाची हिंसा होते. सत्य म्हणजे 'माझा मागचा गुडघा सैल आहे' हे कबूल करणं. यम-नियम (अहिंसा, सत्य यांसारखे आचाराचे नियम) आसनाबाहेर शोधायचे नाहीत, आसनातच पाळायचे. आठही अंगं प्रत्येक आसनात असतात, अशी त्यांची मांडणी. पटो वा न पटो, पण तिला कवायत म्हणता येत नाही. 'अय्यंगार योग' हे नावही शिष्यांनी दिलेलं; ते स्वतः पातंजल योगच शिकवतो म्हणत.

प्राणायामाबद्दल २.४९ मध्ये 'तस्मिन् सति' आहे, म्हणजे आसन साधल्यावर. म्हणून या पद्धतीत नवख्याला प्राणायाम लगेच देत नाहीत. देतात तेव्हाही आडवं झोपवून. त्याची रचना: तीन चादरी लांबट, आठ-दहा इंच रुंदीच्या घड्यांत, कण्याच्या रेषेत, खालचं टोक कमरेच्या वर. डोक्याखाली वेगळी घडी, म्हणजे कपाळ हनुवटीपेक्षा उंच राहतं. मग उज्जायीचा पहिला प्रकार: नुसता चालू श्वास बघणं, मग उच्छ्वास थोडा लांब. कुंभक (श्वास रोखणं) नाही. पोट फुगवून श्वास घेणं ही नेहमीची चूक. इथे बरगड्या बाजूंना उघडायच्या असतात. दुसरी चूक म्हणजे घशातून मुद्दाम मोठा आवाज काढणं. डोळे, जीभ, कपाळ आवळलं तर श्वास जास्त घेतला आहे असं समजा आणि दोन-तीन साधे श्वास घ्या. प्राणायामानंतर शवासन, लगेच आसनं नाहीत.

---

मळवाट:

कुंभक यांनी नेमकं सांगितलं. एक पुरवणी, कारण 'परदेशात नाव झालं म्हणून इथे मान मिळाला' असंही ऐकू येतं.

१९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांची भेट झाली. त्यांनी पाच मिनिटं दिली होती. गुरुजींनी त्यांना शवासनात झोपवलं आणि ते गाढ झोपी गेले. १९५४ मध्ये मेन्युइन यांनी युरोपात नेलं आणि एक घड्याळ भेट दिलं, त्यावर 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास' अशा अर्थाची ओळ कोरलेली. व्हायोलिन शिकवलं नव्हतंच. खांदा, मान आणि हात सोडवले होते.

पण तोवर पुण्यात सतरा वर्षं झाली होती. काम इथलंच. पत्नी रमामणी १९७३ च्या जानेवारीत, गुरुजींच्या पुण्यातल्या योगसंस्थेच्या भूमिपूजनानंतर काही दिवसांतच गेल्या. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत उभी राहिलेली संस्था त्यांच्या नावानं आहे. पद्मश्री १९९१, पद्मभूषण २००२, पद्मविभूषण २०१४. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात निधन. गीताताई डिसेंबर २०१८ मध्ये, गुरुजींच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी गेल्या.

कठोरपणाबद्दलही झाकून ठेवायला नको. वर्गात ते ओरडत, थप्पडही मारत. परदेशी शिष्यांनी बी. के. एस. चा अर्थ 'बीट, किक, स्लॅप' असा लावला होता. त्यांच्या नजरेइतकी नजर नसताना नुसता तो हात उचलणारे शिक्षक आढळले तर सरळ वर्ग सोडा.

---

कोपरखळी:

विटेचं पटलं. लोडाचं अजून नाही. पण खुर्चीवरचं सर्वांगासन कुणी सांगेल का? वडीलधाऱ्यांना देता येईल असं ऐकलंय.

---

हलासनी:

देता येतं, पण पहिल्यांदा कुणीतरी शेजारी हवं. खुर्ची भिंतीपासून फूटभर, चटईवर, म्हणजे सरकणार नाही. बैठकीवर चादरीची घडी, समोर जमिनीवर खांद्यांसाठी लोड आडवा. खुर्चीवर आडवं बसून, वळून, पाय पाठीच्या चौकटीवर टाकायचे. मग दोन्ही कडा धरून सावकाश मागे घसरत खांदे लोडावर, डोकं जमिनीवर. हात एकेक करून पुढच्या पायांमधून आत नेऊन मागची दांडी किंवा मागचे पाय धरायचे. माकडहाडाच्या वरचा सपाट भाग बैठकीच्या कडेवर टेकला पाहिजे. माणूस जास्त खाली घसरला तर कंबर लोंबकळते आणि मान दबते. खांदे लोडापर्यंत पोचत नसतील तर लोडावर आणखी एक घडी. डोकं अधांतरी राहता कामा नये.

उतरताना हात सोडवायचे, पाय वाकवून पावलं बैठकीच्या कडेवर, आणि पाठ घासत खाली सरकायचं, कंबर लोडावर येईपर्यंत. पोटऱ्या बैठकीवर ठेवून दोन मिनिटं पडायचं, मग कुशीवर वळून उठायचं. वर चढण्यापेक्षा इथेच घाई होते आणि खुर्ची अंगावर येते, म्हणून शेजारच्यानं खुर्ची धरून ठेवायची ती याच वेळी.